मीनाकुमारी : आवाज तिचा, चावी दुसऱ्याच्या हाती

सिनेमातल्या नटनट्यांचे गोडवे गाणे हे काही आमचे काम नव्हे. कोर्टाच्या तारखा, अत्याचाराचे खटले, जमिनीचे सातबारे आणि नोकरीतले अन्याय यांतून सवड मिळाली तरच आम्ही पडद्याकडे वळतो. परंतु चळवळीतल्या माणसालाही कान असतात. एखादा आवाज त्या कानांत एकदा शिरला, की खटल्याच्या कागदांआडूनही तो ऐकू येत राहतो. मीनाकुमारीचा आवाज त्यातला. आमच्या वस्त्यांतल्या सत्तरी ओलांडलेल्या आया-मावश्यांपुढे हे नाव नुसते काढून पाहा. ज्यांनी जन्मभर रस्ते झाडले, विड्या वळल्या, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभ्याने दिवस काढले, त्या बाया ‘पाकिजा’चे नाव निघताच पदर सावरून बसतात आणि बोलू लागतात.

तिला ‘ट्रॅजेडी क्वीन’, म्हणजे दुःखाची राणी, म्हणण्याची रीत पडून गेली आहे. रीत जुनी आहे एवढ्यावरून ती बरोबर मानण्याची सवय आम्हाला नाही. दुःख हा कुणाच्या डोक्यावरचा मुकुट नसतो. दुःखाला कारण असते, आणि कारण शोधल्याशिवाय त्याचे कौतुक करत बसणे हा दुःखी माणसावर अन्याय आहे. मीनाकुमारीच्या बाबतीत हा अन्याय पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. एवढे प्रेम लाभलेली ही बाई आतून इतकी एकटी का होती, याची चौकशी आज आम्ही करू इच्छितो. त्याआधी तिच्या कलेला सलाम केला पाहिजे, कारण कलाच नसती तर चौकशीचे कारणही उरले नसते.

तिच्या चेहऱ्याचे कौतुक खूप झाले. आम्हाला आधी आवाजाविषयी बोलायचे आहे. गोड आवाजाच्या नट्या त्या काळी पुष्कळ होत्या. हिचा आवाज खालच्या पट्टीतला, किंचित दाटलेला. वाक्य सुरू करताना तिला घाई नसे, आणि वाक्य संपवताना ती आवाज असा उतरवी की शेवटचा शब्द ऐकायला माणूस खुर्चीत पुढे सरकावा. उर्दूचा एकेक शब्द ती तोलून ठेवी. रडण्याच्या प्रसंगात बाकीच्या नट्या आवाज चढवत, ही उतरवी. म्हणून तिचे दुःख कर्कश वाटले नाही. पडद्यावर तिच्यासाठी लता मंगेशकर आणि गीता दत्त गायल्या. अशी गाणी संपल्यावर एखादी नटी बोलू लागली, की रसाचा भंग होण्याची भीती असते. मीनाकुमारी बोलू लागली की गाणेच पुढे चालू आहे असे वाटे.

‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) आठवा. निर्माते गुरुदत्त, दिग्दर्शक अबरार अल्वी, मूळ कादंबरी बिमल मित्र यांची. खेड्यातून आलेला गरीब भूतनाथ जमीनदाराच्या हवेलीत छोट्या बहूपुढे पहिल्यांदा उभा राहतो. मान खाली. त्याला दिसतात फक्त तिची पावले, आणि ऐकू येतो आवाज. चेहरा दिसतो तो नंतर. तोपर्यंत भूतनाथ त्या आवाजाला शरण गेलेला असतो आणि प्रेक्षकही. त्या आवाजात मालकिणीचा तोरा नाही. गड्याला नाव विचारतानाही त्यात माणुसकीचा ओलावा आहे. पंगतीबाहेर वाढलेल्या, नावाऐवजी जातीने हाक मारलेल्या माणसांना हा प्रसंग इतका का भिडतो, हे वेगळे सांगायला नको.

आणि ती फक्त रडत नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. दिलीपकुमारबरोबरचे ‘आझाद’ (१९५५) आणि ‘कोहिनूर’ (१९६०), तसेच ‘मिस मेरी’ (१९५७) हे चित्रपट पाहा. तिथे ती नाचते, खोड्या काढते, फटकन उत्तर देते, डोळ्यांनी हसते. तिच्या मोहकपणात मिश्किलपणाचा वाटा मोठा होता. पण बाजाराला तिचे अश्रू हवे होते. अश्रू खपतात असे दिसल्यावर निर्माते तेच मागत राहिले.

मानसन्मानही थोडा नव्हता. ‘बैजू बावरा’ (१९५२) साठी तिला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला. पुढे ‘परिणीता’, ‘साहिब बीबी और गुलाम’ आणि ‘काजल’ मिळून ते चार झाले. १९६३ साली तर या पुरस्काराची तिन्ही नामांकने तिचीच होती : ‘आरती’, ‘साहिब बीबी और गुलाम’ आणि ‘मैं चुप रहूँगी’. स्पर्धा तिची तिच्याशीच! त्या तिसऱ्या चित्रपटाच्या नावापाशी आम्ही थोडे थबकतो. मी गप्प राहीन, असे सांगणाऱ्या बाईला टाळ्या देणारा हा समाज आहे. बोलणाऱ्या बाईला तो काय देतो, हे आम्ही रोज कोर्टात पाहतो.

आता चौकशी. मीनाकुमारीचा जन्म १ ऑगस्ट १९३३ चा, मुंबईतला. खरे नाव महजबीन बानो. वडील अली बक्ष पारशी रंगभूमीवर हार्मोनियम वाजवणारे, आई इक्बाल बेगमही रंगभूमीवरचीच. घर दादरच्या चाळीत. दवाखान्याचे पैसे द्यायला नव्हते, शिवाय पुन्हा मुलगीच झाली, म्हणून बापाने तान्ह्या पोरीला अनाथालयाच्या दारात ठेवले आणि काही तासांनी मन द्रवून परत आणले, असे सांगितले जाते. त्याच सुमारास त्याच दादरमध्ये, हिंदू कॉलनीत, बाबासाहेबांचे ‘राजगृह’ उभे राहत होते. तिथे हजारो ग्रंथांना जागा मिळाली. थोड्याच अंतरावरच्या या चाळीत मात्र एका पोरीला शाळेत जायची हौस होती आणि तिला स्टुडिओत नेले जात होते.

विजय भट्ट यांच्या ‘लेदरफेस’ (१९३९) मध्ये ती पहिल्यांदा पडद्यावर आली. पहिल्या दिवसाचे २५ रुपये मिळाले असे म्हणतात. वय सहा! त्या दिवसापासून ती घरातली कमावती झाली. ‘बेबी मीना’ हे नावही तिला सिनेमानेच दिले. विचार करा, महजबीन हे नावही गेले, शाळाही गेली आणि घरच्यांच्या भाकरीचा भार सहा वर्षांच्या खांद्यावर आला. कुणी म्हणेल, गरिबी होती, दुसरा मार्ग नव्हता. गरिबी आम्हाला शिकवू नका, ती आम्ही पाहिली आहे. प्रश्न असा, की त्या लेकराने मिळवलेल्या पैशातला एक तरी आणा त्या लेकराच्या नावावर राहावा असे कायदा म्हणत होता काय? नव्हता. १९३८ च्या बालकामगार कायद्याचे लक्ष रेल्वे आणि बंदरांच्या कामाकडे होते, स्टुडिओच्या दिव्यांकडे नव्हते.

असे व्हायलाच हवे होते असे नाही. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ (१९२१) मध्ये काम करणारा जॅकी कूगन मोठा झाला, तेव्हा त्याची बालपणीची कमाई घरच्यांनी उधळली होती. त्याने आई व सावत्र बापावर दावा लावला. त्यातून कॅलिफोर्निया राज्याने बालकलाकारांच्या कमाईचा हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवण्याचा कायदा केला, तो १९३९ मध्ये. नेमके हेच साल मीनाच्या पहिल्या चित्रपटाचे! आपल्याकडे ही जाग यायला २०१७ उजाडावे लागले. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि त्याखालच्या २०१७ च्या नियमांनी सांगितले की बालकलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम देता येणार नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागेल, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्या मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावा लागेल. महजबीनच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर मध्ये ७८ वर्षे गेली. आज टीव्हीच्या मालिकांत आणि गाण्याच्या स्पर्धांत राबणाऱ्या लेकरांचे आईबाप हा नियम पाळतात की नाही, हे कोण तपासतो?

मग बापाच्या घरातून नवऱ्याच्या घरात. मे १९५१ मध्ये महाबळेश्वरहून मुंबईला येताना मोटारीला अपघात झाला आणि तिच्या डाव्या हाताच्या करंगळीला कायमची इजा झाली. पुण्याच्या ससूनमध्ये ती पडून होती, तेव्हा ‘महल’चे दिग्दर्शक कमाल अमरोही तिला भेटायला जात. फेब्रुवारी १९५२ मध्ये गुपचूप निकाह झाला. अमरोही आधीच विवाहित, मुलाबाळांचे धनी. बापाला कळले तेव्हा रण माजले, कारण कमावते माणूस हातचे जात होते. १९५३ मध्ये तिने बापाचे घर सोडले. पण सुटकेसाठी जिथे गेली, तिथेही अटी होत्या. चरित्रकारांनी त्या नोंदवल्या आहेत : संध्याकाळी साडेसहाला घरी परतायचे, मेकअपच्या खोलीत रंगभूषाकाराखेरीज कुणी यायचे नाही, स्वतःच्याच मोटारीतून जायचे-यायचे. देशातली अव्वल अभिनेत्री आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात! १९६४ मध्ये तिने तेही घर सोडले.

वकील म्हणून आम्हाला इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. मुस्लिम कायद्यात विवाहित स्त्रीची मिळकत तिची स्वतःची असते. इतकेच नव्हे, १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात क्रूरतेची जी लक्षणे दिली आहेत, त्यात नवऱ्याने बायकोच्या मालमत्तेची विल्हेवाट लावणे किंवा तिला तिचे हक्क बजावू न देणे हेही आहे. म्हणजे ज्या वर्षी सहा वर्षांची मीना कामाला लागली, त्याच वर्षी तिच्या पुढच्या संसारासाठी कायदा तयार होता. पण कायदा पुस्तकात असणे आणि तो बाईच्या हाती असणे यांत फार अंतर असते. मनुस्मृतीशी तिच्या धर्माचा काही संबंध नव्हता. तरीही बाईने आधी बापाच्या आणि मग नवऱ्याच्या ताब्यात राहावे ही शिकवण या देशात धर्माच्या भिंती ओलांडून प्रत्येक घरात शिरली आहे. मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जळली. घराघरांतली अजून जळायची आहे.

या जगण्याचा एकांत तिने कसा झाकला ते पाहण्यासारखे आहे. अपघातानंतरचा तो डावा हात तिने पडद्यावर सहसा दिसू दिला नाही. ओढणी, पदर, रुमाल, कशाच्या तरी आड तो राही, आणि हे इतक्या लीलया की लोकांना ती एक अदा वाटली. उणीव झाकण्याच्या धडपडीलाच जगाने सौंदर्य म्हटले. एकटेपणाचेही तसेच झाले. रात्री झोप येत नसे. डॉक्टरांनी झोपेसाठी थोडी ब्रँडी घ्यायला सांगितली आणि तिथून व्यसन लागले, असे सांगतात. १९६८ मध्ये यकृताच्या उपचारासाठी तिला लंडनला जावे लागले. छोट्या बहूची भूमिका तिने स्वतःच्या आयुष्यावरून केली, असे मोठ्या कौतुकाने लिहिले जाते. आम्हाला त्यात कौतुक वाटत नाही. छोटी बहू नवऱ्याला घरी थांबवण्यासाठी दारूचा पेला तोंडाला लावते. पतीला परमेश्वर मानण्याचा धर्म बाईला कुठवर नेतो, ते हा चित्रपट दाखवतो. बघणारे मात्र त्यातली नशा आठवतात आणि हवेलीचा गुन्हा विसरतात.

तिने उत्तर दिले ते कागदावर. शाळा नाकारलेली ही बाई उर्दूत शायरी लिहीत होती, ‘नाझ’ या टोपणनावाने. १९७१ मध्ये खय्याम यांच्या संगीतात तिची स्वतःची शायरी तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली. तिथे संवाद लिहून देणारा कुणी नव्हता, पार्श्वगायिका नव्हती, दिग्दर्शक नव्हता. आमच्या मते तिच्या सगळ्या कामातली ती सर्वांत धीट गोष्ट. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द बोललेल्या बाईने शेवटी स्वतःचे शब्द उच्चारले. तिच्या वह्या पुढे गुलजार यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी त्या कविता छापून आणल्या.

आणि मग ‘पाकिजा’. सुरुवात १९५६ ची, मध्ये नवरा-बायको वेगळे झाल्याने बंद, १९६९ मध्ये पुन्हा सुरू. आजारी असतानाही तिने चित्रपट पुरा केला. वेशभूषाही तिचीच. काही नाचांत तिच्याऐवजी पद्मा खन्ना उभी राहिली, कारण शरीर साथ देत नव्हते. चित्रपट पुरा करण्याचा मोबदला म्हणून तिने एक सोन्याची मोहर घेतली, असे म्हणतात. लोक ही कथा त्यागाची म्हणून सांगतात. कष्टकऱ्याच्या घामाचा हिशेब मागायला शिकलेल्या आम्हाला मात्र ती ऐकून दुसराच प्रश्न पडतो : कमाई कुणाची झाली?

४ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘पाकिजा’ मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरमध्ये लागला. कोठ्यावर वाढली म्हणून साहिबजानला खानदानी घर नाकारते. जन्मावरून माणसाची जागा ठरवण्याचा हा न्याय आमच्या ओळखीचा आहे. चित्रपटात तो कोठा झुंबरे, कारंजी आणि जरीच्या पेशवाजांनी सजलेला आहे. आणि याच १९७२ साली, मराठा मंदिरपासून फारशी दूर नसलेल्या गल्ल्यांतून नामदेव ढसाळांचा ‘गोलपीठा’ आला. झुंबरांखालची बाई पाहून मुंबई रडली आणि गोलपीठ्यातली बाई वाचून तिने नाक मुरडले. दलित पँथरचा जन्मही त्याच वर्षीचा, याच परिसरातल्या तरुणांच्या जिवावर झालेला. मीनाकुमारीने साहिबजानच्या आवाजात जी वेदना ओतली, ती खरी होती. खोटी होती ती सजावट, जिच्यामुळे वेदनेचे कारण दिसू नये.

‘पाकिजा’ लागून दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३१ मार्च १९७२ रोजी मुंबईच्या एका रुग्णालयात ती गेली. वय अवघे ३८. रुग्णालयाचे बिल भागवायलाही पैसे नव्हते, असे सांगितले जाते. सहाव्या वर्षापासून ३२ वर्षे कमावलेल्या बाईचा हा ताळेबंद! माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात तिचे दफन झाले. चित्रपटाला आरंभी बेताचा प्रतिसाद होता. मृत्यूची बातमी आल्यावर मात्र गर्दी उसळली. नर्गिस यांनी तिच्यावर लेख लिहिला, त्यात मृत्यूबद्दल तिचे अभिनंदन केले होते. एका अभिनेत्रीने दुसरीला मरणाच्या शुभेच्छा द्याव्यात, यावरून तिचे जगणे कसे होते ते ओळखावे.

कुणी म्हणेल, हे सिनेमाच्या झगमगाटातले दुःख, आपल्याला त्याचे काय? मग आपल्या मातीतल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची आठवण करा. ज्या बाईच्या आवाजाने आणि पायांतल्या चाळांनी महाराष्ट्र डोलला, जिने बाळंत होऊन पुन्हा फडावर उभे राहण्याची हिंमत दाखवली, जिला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, त्या विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी बिदागी आणि मेल्यावर पुरस्कार! दोघींची जात, धर्म, भाषा वेगळी. हिशेब मात्र एकच.

भगिनींनो, हा हिशेब तुमच्याही घरात मांडून पाहा. आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायकांत नर्स आहेत, शिक्षिका आहेत, महापालिकेच्या सफाई कामगार आहेत. पगार त्यांच्या नावावर जमा होतो, एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते आणि पिन सासूला पाठ असतो. या बायका आमच्यापुढे मारहाणीचे सांगतात, शिव्यांचे सांगतात, पण पगाराचे विचारले की खाली बघतात. त्यांना तो छळ वाटतच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आर्थिक छळ हाही हिंसाचारच मानला आहे, आणि त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. हे ठाऊक असलेली बाई शंभरात किती निघेल?

जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो आयाबहिणींना सांगितले होते, की नवऱ्याची मैत्रीण व्हा, बरोबरीने उभ्या राहा, गुलामगिरी नाकारा. त्या वेळी मुंबईत बेबी मीना नऊ वर्षांची होत आली होती आणि स्टुडिओत राबत होती. तो निरोप तिच्या चाळीपर्यंत पोचला नाही. आपल्यापर्यंत पोचला आहे. तो घरात आणण्यासाठी बापांनी, नवऱ्यांनी आणि भावांनीही आपले हात तपासले पाहिजेत, त्यात कार्यकर्तेही आले. सभेत समतेची भाषणे करून घरी बायकोचे पासबुक स्वतःच्या कपाटात ठेवणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत!

मीनाकुमारी पाहा, जरूर पाहा. आपल्या मुलींनाही दाखवा. ‘कोहिनूर’मधले तिचे हसू दाखवा, छोट्या बहूची ती पहिली हाक ऐकवा, ‘पाकिजा’तली तिची पावले दाखवा. असा आवाज पुन्हा झाला नाही, हे त्यांना सांगा. आणि हेही सांगा, की एवढा आवाज असूनही या बाईचे तिच्या स्वतःच्या घरात कुणी ऐकले नाही. मग मुलीच्या हातात तिच्या नावाचे बँकेचे पासबुक द्या, आणि कपाटाची चावीही तिच्याकडेच राहू द्या.